इल्मोने बांधलेला कर्नल

इल्मो बर्फाखाली गेला त्याला आता दुसरा हिवाळा लागला होता, तरी उत्तरेकडच्या औलू शहरातल्या त्या छोट्या कचेरीत रोज सकाळी पहिलं नाव टाइप व्हायचं ते त्याचंच. टाइप करणारी आयला. आल्या आल्या बूट काढायचे, लोकरीचे जाड मोजे चढवायचे, कॉफी चढवायची, आणि इल्मोच्या टेबलाखाली घरघरणाऱ्या जुन्या संगणकात इल्मो म्हणून शिरायचं. पासवर्ड तिला ठाऊक होता. एकदा तापाने फणफणलेला असताना त्यानेच तो फोनवरून सांगितला होता, वर दम दिला होता की कोणाला सांगितलंस तर बघ. आता कोणाला सांगणार? गेलेल्या माणसाच्या नावाने रोज कामाला बसणं बरं नव्हे, हे तिला कळत नव्हतं अशातला भाग नाही. पण बाई बसायची.

कचेरीचं काम असं: समुद्र गोठला की किनाऱ्यापासून बेटांपर्यंत बर्फावरून गाड्यांचा रस्ता निघतो. पूर्वी माणसं भोकं पाडून बर्फाची जाडी बघायची आणि कडेने झुडपाच्या फांद्या रोवून ठेवायची. आता बर्फात सळया सोडतात, आणि दर बेटाच्या धक्क्यावर एक पेटी असते, ती जाडी मोजून रस्तेवाल्यांना कळवते. पेटीने नीट कळवलं तर रस्ता उघडतो, नाहीतर बेटावरचे लोक बसतात फेरीबोटीची वाट बघत.

पेटीत तळहाताएवढा संगणक, आणि त्या संगणकाचा जीव म्हणजे कर्नल. वीज मिळाली की सगळ्यांआधी तो उठतो आणि मग बाकीच्यांना उठवतो. पण तो काही आयता मिळत नाही. माणसांनी लिहिलेल्या लाखो ओळी कंपायलरच्या घशात घालायच्या, त्याने यंत्राच्या भाषेत काढून दिलेले तुकडे लिंकरने एकमेकांना जोडायचे, कोणाचं काम आधी आणि कोणाचं नंतर ते ‘मेक’ नावाच्या मुकादमाने बघायचं, तेव्हा कुठे एक कर्नल बांधून होतो. शिवाय ही सगळी अवजारं एकमेकांच्या बरोबरीची लागतात. एक जुनं नि एक नवं असं झालं की जुंपलीच म्हणून समजा. इल्मोने ही सगळी भांडखोर मंडळी आपल्या संगणकावर सुखाने नांदवली होती. त्या संगणकाचं नाव त्याने ठेवलं होतं हौकी. हौकी म्हणजे तो दातेरी मासा, गळातून सोडवताना बोटाला चावणारा.

आता त्या हौकीत शिरायचं म्हणजे आयलाला दर वेळी कोणाच्या तरी घरात पाऊल टाकल्यासारखं व्हायचं. घरमालक आत्ता बाहेर गेलाय, येईल इतक्यात, असं. बांधणी नीट पार पडली की पडद्यावर ओळ यायची, ‘झालं. ऊठ, कॉफी घे.’ बिघडली की यायचं, ‘माझ्याकडे बघू नकोस, तूच चुकलीस.’ हे इल्मोने तिच्यासाठीच लिहून ठेवलं होतं, तिला चिडवायला. तो होता तेव्हा ती चिडायची. आता ओळ आली की ती खरंच उठायची आणि कॉफी घ्यायची.

त्याहून वाईट होतं ते वरच्या बाणाचं बटण. ते दाबलं की आधी दिलेल्या आज्ञा एकेक करून परत समोर येतात. आयला दाबत जायची. आधी तिच्या स्वतःच्या यायच्या, आणि खूप मागे गेलं की इल्मोच्या. त्याच्या चुका, त्याने घाईत उलटे टाइप केलेले शब्द, एक शिवी, आणि सगळ्यात शेवटी त्याने बघितलेली बेटाच्या फेरीबोटीची वेळ. ती बोट त्याने पकडली होती. एप्रिल होता, बर्फ भुसभुशीत झालं होतं, आणि हा बेटावरून बर्फातल्या सळया काढून आणायला निघाला होता. बर्फावर त्याची स्नोमोबाइल सापडली, पुढे काळं पाणी होतं, आणि तो सापडला नाही तो नाहीच.

हौकी अशा आज्ञा ठरावीक संख्येनेच लक्षात ठेवायचा. नवीन एक आली की तळातली जुनी एक कायमची गळून पडायची. म्हणून आयला मोजकंच टाइप करायची. एका कामाला जिथे चार आज्ञा लागायच्या तिथे ती एकीत भागवायची. मालक पेंत्तीला वाटायचं, बाईची शिस्त बघा. कसली शिस्त? तिला इल्मो आवडायचा. हे ती त्याला कधी बोलली नाही, आणि आता बोलायची सोय राहिली नव्हती. कंजुषाने साखर वापरावी तशी ती त्या संगणकावर शब्द वापरायची.

आणि एक गोष्ट सांगायची राहिली. कर्नलवर बांधणाऱ्याचं नाव येतं. ते कोणी मुद्दाम लिहीत नाही, बांधणी होताना आपोआप कोरलं जातं. कोणी बांधला, कुठल्या संगणकावर, कुठल्या कंपायलरने, कितवी बांधणी, कुठल्या दिवशी आणि किती वाजता. पेटी जागी झाली की पडद्यावर पहिली ओळ तीच. आयला इल्मो म्हणून बसायची, त्यामुळे त्या ओळीत इल्मोच यायचा. बांधलेला कर्नल कचेरीतूनच दूरवरच्या पेट्यांत पोचायचा, आकडा वाढत राहायचा, तारीख ताजी असायची, नाव इल्मोचं. बेटाच्या धक्क्यावर ती ओळ वाचायला कोण जातंय, असं तिला वाटायचं. खरं सांगायचं तर तिला तेही वाटत नव्हतं. तिच्या मनातच आलं नव्हतं.

त्या डिसेंबरात ऊलकोसारी बेटावरच्या पेटीने छळ मांडला. बाकी सगळ्या पेट्या गुण्यागोविंदाने चाललेल्या, आणि ही एकटी रोज दुपारी मरायची आणि लगेच जिवंत व्हायची. मरताना चूक नाही, कुरकुर नाही, नोंद मध्येच तुटलेली आणि पुढे नव्याने सुरू. जाडीचा हिशोब रोज तुटतो म्हटल्यावर रस्तेवाले रस्ता उघडायला तयार नव्हते. गंमत म्हणजे ऊलकोसारी हे इल्मोचंच गाव. पेटी होती त्याच्या आईच्या घरापुढच्या धक्क्यावर.

“रोज त्याच वेळेला,” पेंत्ती म्हणाला. “कर्नल असा घड्याळ लावून मरतो होय?”

“थंडीने असेल,” आयला म्हणाली.

“थंडी काय दुपारी जेवायला येते? मला विचारशील तर आपला इल्मोच येऊन बटण दाबतोय. तुझ्यावर राग असेल, त्याच्या खुर्चीत बसतेस म्हणून.”

पेंत्ती मनाने वाईट नव्हता, पण कुठे काय बोलावं हे त्याला देवाने शिकवलंच नव्हतं.  त्या दिवसापासून दुपारची ती वेळ झाली की आयलाचं लक्ष त्या पेटीच्या नोंदीकडे जायचं, आणि नोंद तुटली की तिच्या अंगावर काटा यायचा. बाहेर तेव्हा उजेडाचा शेवटचा अंश उरलेला असायचा. सूर्य छपरांच्या मागे जेमतेम टेकून परत निघालेला.

त्यातच हौकीची तब्येत ढासळली. आतली तबकडी कण्हायला लागली. पेंत्तीने नवा लॅपटॉप आणून दिला आणि म्हणाला, “नवीन अवजारं घाल, तुझ्या नावाने घाल, आणि त्या म्हाताऱ्याला सोडव एकदाचं.” आयलाने नवा कंपायलर घातला, नवा लिंकर घातला, कर्नल बांधला. टेबलावर तो टुणटुणीत उठला. मग तिने पेटी थंडीत बघायची म्हणून कचेरीतल्या फ्रीझरमध्ये, पेंत्तीने शिकार केलेल्या मूस हरणाच्या मांसाच्या पिशव्यांमध्ये ठेवली, आणि तिथे तो झोपला तो झोपलाच. इल्मोच्या जुन्या कंपायलरने बांधलेला मात्र तिथे खुशाल जागा व्हायचा. ओळी त्याच, मजकूर तोच, तरी एक जगतो आणि एक मरतो.

तिने दोन्ही कर्नल उलगडून शेजारी शेजारी मांडले आणि यंत्राच्या भाषेत वाचत बसली. त्यातच पुढचे कितीतरी दिवस गेले. शेवटी सापडलं. जिथे जिथे यंत्राला क्षणभर झोपवायचं होतं, तिथे इल्मोच्या कंपायलरने पुढे एक काहीच न करणारी आज्ञा घातली होती. नुसतं थांब, एवढंच. थंडीत यंत्राचं घड्याळ उशिरा जागं होतं, त्याला तेवढी उसंत. मजकुरात हे कुठेच नव्हतं. इल्मोने कंपायलरलाच शिकवून ठेवलं होतं, आणि शिकवलेलं कागदावर उतरवायचं राहून गेलं होतं. राहूनच जायचं त्याचं सगळं. आयलाने ती उसंत आता मजकुरातच उघडपणे लिहिली, नव्या अवजारांनी पुन्हा बांधलं, आणि फ्रीझरमधली पेटी जागी झाली. पहिल्या ओळीत तिचं नाव होतं. तिला आनंद व्हायला हवा होता. तिने फ्रीझरचं झाकण लावलं आणि त्याच्यावर कपाळ टेकून उभी राहिली.

त्याच संध्याकाळी इल्मोच्या बहिणीचा, राकेलचा फोन आला. “तू पेटीसाठी बेटावर जाणार आहेस असं कळलं. आईशी एकदा बोलशील का? ती इल्मो गेला हे मानायलाच तयार नाही. मृत्यूच्या अर्जावर सही करत नाही, चर्चमध्ये प्रार्थना होऊ देत नाही. शनिवारी वाफेच्या अंघोळीला सौना तापवते आणि त्याचाही टॉवेल टांगते. माझ्याकडे राहायला ये म्हटलं तर म्हणते, तो आला आणि घर बंद दिसलं तर? मी काही बोलले की माझ्यावरच हसते, जणू तिला काही ठाऊक आहे आणि मला नाही.”

“मी काय बोलणार?” आयला म्हणाली.

“तू त्याच्या शेजारी बसायचीस. तुझं ऐकेल. असंच चाललं तर ती त्या धक्क्यावरच गोठून मरेल, आयला. मला फक्त तेवढं नको आहे.”

फेरीबोट बर्फ फोडत चालली की तिच्या पोटातून कडकड असा आवाज येत राहतो. सगळे लोक आत उबेला बसले होते, आयला मात्र काचेशी उभी राहून बाहेर बघत होती. दोन्हीकडे पांढरंच पांढरं, आणि त्याच्या खाली कुठेतरी तो. नव्या संगणकाचा पहिला कर्नल पेटीत हातानेच घालावा लागतो, म्हणून तो एका चिमुकल्या कार्डावर तिच्या कोटाच्या आतल्या खिशात होता. तिला भीती वाटत होती. कशाची, ते मात्र तिला सांगता आलं नसतं.

इल्मोची आई, लेम्पीमावशी, दारातच उभी होती. ठेंगण्या बांध्याची, ताठ, नाकाचा शेंडा लाल.

“ये पोरी, बूट काढ. सूप तयार आहे. बोलू नकोस, आधी खा.”

माशाचं सूप, वर शेपू, सोबत राय धान्याची काळी भाकरी. आयला मुकाट्याने खात होती. खुंटीवर इल्मोचा निळा कोट होता. त्याची बाही नुकतीच शिवलेली दिसत होती.

“राकेलने पाठवलंय ना तुला?” म्हातारी म्हणाली. “म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झालाय, जरा समजावून ये, असंच ना?”

“मी पेटी बघायला आलेय, मावशी.”

“पेटीला धाड भरलेली नाही. माझ्याहून धडधाकट आहे ती.” तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. “तू बस. पाव गरम होतोय, त्याच्याकडे बघ. मी आलेच.”

तिने टोपी घातली, दिवा कपाळाला बांधला आणि बाहेर पडली. खिडकीतून आयलाला तो दिवा धक्क्याकडे हलत जाताना दिसला. मग तिचंही लक्ष घड्याळाकडे गेलं आणि हातातला चमचा तसाच राहिला. तीच वेळ होती. ती कोट न घालताच पळाली.

धक्क्याच्या टोकाला म्हातारी पेटीपुढे वाकली होती. तिने शेजारच्या खोक्यातला प्लग ओढून काढला. पेटी विझली. जरा वेळ ती तशीच उभी राहिली, देवळात उभं राहावं तशी, आणि मग प्लग परत बसवला. पडदा उजळला. पहिली ओळ वरती स्थिर राहिली आणि बाकीच्या खालून पळायला लागल्या. म्हातारीने खिशातून भिंग काढून त्या वरच्या ओळीवर धरलं.

“अजून मागच्या गुरुवारचंच आहे,” ती मागे न बघता म्हणाली. आयलाची चाहूल तिला लागली होती. “आठवडा होत आला, काही नवीन नाही. आजारी नसेल ना गं? तू तिथेच असतेस, तुला माहीत असेल.”

“कोण?” आयलाने विचारलं. 

“कोण काय कोण? वाचता येतं ना?”

भिंगाखाली इल्मोचं नाव होतं, मोठं होऊन दिसणारं. हौकीचं नाव, बांधणीचा आकडा, गुरुवारची तारीख.

“त्यानेच दाखवलं होतं मला,” म्हातारी म्हणाली. “ही पेटी बसवली तेव्हा. म्हणाला, आई, ही वरची ओळ बघ, हे कोणी बांधलं ते यात येतं, यात खोटं चालत नाही. तो बुडाला म्हणतात तेव्हा मी रडले की नाही? रडले. मग मे महिन्यात एकदा वीज गेली आणि आली, आणि मी सहज बघितलं तर याच्यावर मे महिन्याची तारीख. नाव त्याचं. बुडालेला माणूस मे महिन्यात कामाला बसतो? आकडा वाढतच चाललाय. राकेलला सांगायला गेले असते तर तिने मला डॉक्टरकडे नेलं असतं. म्हणून नाही सांगितलं. आधी अधूनमधून बघायचे, या डिसेंबरात धीर धरवेना, तेव्हापासून आपली रोज येते आणि बघून जाते.”

“मग तो घरी का येत नाही, मावशी?”

“रागावलाय.” म्हातारीने भिंग पुसलं. “त्या दिवशी मी सौना तापवून बसले होते, आणि याचा फोन, आधी सळया काढतो, मग बघू. मला संताप आला. म्हटलं, मर मेल्या तुझ्या यंत्रांपाशी, इकडे तोंड दाखवू नकोस. माझंच ऐकलं त्याने. तोंड दाखवत नाही. पण आहे एवढं कळवतो. बाप असाच होता याचा, राग धरला की धरला. पण उतरायचा. याचाही उतरेल. रस्ता उघडला की येईल बघ गाडी घेऊन.”

आयलाचे हात गारठून बधिर झाले होते. म्हातारीने तिला दंडाला धरून घरात आणलं, कोट न घालता आली म्हणून वाटेत चार शब्द सुनावले, आणि पुढ्यात कॉफी ठेवली.

खिशात कार्ड होतं, पिशवीत लॅपटॉप होता. आता आयलापुढे काय होतं ते सांगतो. बांधणाऱ्याचं नाव आपोआप कोरलं जातं खरं, पण हवं असेल तर ते आधी सांगता येतं. एक शब्द टाइप केला की झालं. अवजारांना खऱ्याखोट्याचं सोयरसुतक नाही. इल्मो म्हण म्हटलं की ती इल्मो म्हणतात. इथेच टेबलावर बसून तिने तो शब्द घातला असता, तर उद्या म्हातारीला ताजी तारीख दिसली असती आणि तिचं जेवण गोड झालं असतं. आजवर जे नकळत झालं ते आता जाणूनबुजून करायचं, एवढाच काय तो फरक. तिने लॅपटॉप उघडलासुद्धा. नाव लिहिलंसुद्धा.

म्हातारी चुलीपाशी उभी राहून पावाचे तुकडे करत होती. तीन बशा काढल्या होत्या. एकीत पाव ठेवून वर फडकं झाकलं आणि ती बशी खुंटीवरच्या कोटाखालच्या बाकावर नेऊन ठेवली. सवयीने, न बघता.

आयलाने लिहिलेलं नाव पुसलं.

“मावशी,” ती म्हणाली, “गुरुवारी मी बसले होते.”

“कुठे?”

“इल्मोच्या खुर्चीत. त्याच्या संगणकावर. त्याचा पासवर्ड मला माहीत आहे. मी त्याच्या नावाने आत जाते आणि बांधते, म्हणून ओळीत त्याचं नाव येतं. तो नसतो. मी असते.”

म्हातारी हसली. राकेल म्हणाली होती तशीच. मग आयलाचा चेहरा बघून तिचं हसू थांबलं.

“मे महिन्यात?”

“मीच.”

“दर वेळी?”

“दर वेळी.”

“गेल्या नाताळच्या आदल्या दिवशी एक आलं होतं.” म्हातारीचा आवाज बारीक झाला. “सगळं जग बंद असतं त्या दिवशी. मला वाटलं, खास माझ्यासाठी पाठवलं.”

“मीच होते, मावशी. घरात एकटीला करमेना, म्हणून कचेरीत जाऊन बसले.”

म्हातारीने सुरी खाली ठेवली. नळ सोडला आणि स्वच्छ असलेली एक बशी धुवायला घेतली. आयलाला तिची पाठ दिसत होती, आणि त्या पाठीकडे बघवत नव्हतं.

“का पण?” पाठमोरीच ती म्हणाली. “तुझं स्वतःचं नाव काय झिजत होतं? आई आहे मी त्याची. कोणीतरी वाचत असेल, एवढं तुला सुचलं नाही?”

“नाही सुचलं.”

“शिकलेली ना तू?”

“मला तो हवा होता,” आयला म्हणाली. “मी कधी बोलले नाही त्याला. तिथे त्याच्या नावाने बसलं की वाटायचं, आहे अजून. मला दुसरं काही कळत नव्हतं.”

नळ तसाच वाहत राहिला. बऱ्याच वेळाने म्हातारीने तो बंद केला, हात पुसले आणि वळली. तिचे डोळे कोरडे होते.

“म्हणजे आपण दोघी एकाच गोष्टीवर जगत होतो,” ती म्हणाली. “तू ते बनवायचीस आणि मी खायचे. राग यायला हवा मला तुझा. येईल बहुतेक, रात्री.” मग तिने हनुवटीने कोटाच्या खिशाकडे खूण केली. “नवीन आणलंयस ना काहीतरी? खिशावरून मघापासून हात फिरवतेस.”

“नंतर घालते. राकेल येऊ दे इथे, मग.”

“राकेलचं काय काम? आत्ता चल. आणि तूच घाल. इतके दिवस तूच ठेवलंस ना त्याला.”

दोघी परत धक्क्यावर गेल्या. आता पुरता अंधार पडला होता, खरं तर दुपारच होती अजून. या वेळी म्हातारीने आठवणीने आयलाच्या गळ्याभोवती स्वतःचा स्कार्फ गुंडाळला होता. तिने प्लग ओढून काढला आणि आयलाच्या हातात दिला. आयलाने कार्ड बदललं. तिला प्लग बसवता येईना. तिला तो बसवायचाच नव्हता.

“बसव,” म्हातारी म्हणाली.

पेटी उजळली. वरच्या ओळीत आयलाचं नाव आलं. नवीन संगणकाचं नाव, कालची तारीख, आकडा पुन्हा अगदी सुरुवातीचा. म्हातारीने भिंग धरलं आणि एकेक अक्षर वाचलं. मग पुन्हा वाचलं. इल्मोचं नाव कुठेच नव्हतं. तिने भिंग आणखी जवळ नेलं, जणू ते खालच्या एखाद्या ओळीत घसरलं असेल. बाकीच्या ओळी पळून संपल्या आणि पेटीने शांतपणे बर्फाची जाडी दाखवायला सुरुवात केली.

“म्हणजे गुरुवारपर्यंत होता,” म्हातारी म्हणाली.

आयलाला सांगायचं होतं की नाही मावशी, एप्रिलातच गेला, त्या भुसभुशीत बर्फात, तुमच्या बोलण्याने नव्हे, बर्फ पातळ होतं म्हणून. 

“हो,” ती म्हणाली. “गुरुवारपर्यंत.”

“राकेलला सांग, सही करते. त्यांच्या कागदावर त्यांना हवी ती तारीख घालू देत. पण चर्चमध्ये पाद्री नाव वाचेल तेव्हा गुरुवार म्हणायचा. एप्रिल म्हणालेलं मी ऐकून घेणार नाही.”

आणि मग ती रडली. इथल्या बायका लोकांपुढे रडत नाहीत. ही रडली ती गळा काढून, बर्फाकडे तोंड करून, त्याला हाका मारत. आयला तिला धरून उभी राहिली. कोण कोणाला धरून होतं, ते लांबून कोणाला सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारची वेळ आली आणि गेली, आणि ऊलकोसारीची नोंद तुटली नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. पेंत्ती खूश झाला. रस्तेवाल्यांना फोन करून त्याने स्वतःच कर्नल लिहिल्याच्या थाटात बढाई मारून घेतली. आयला नव्या लॅपटॉपपुढे स्वतःच्या नावाने बसली होती. टेबलाखाली हौकी कण्हत होता. तो बंद करायचं पेंत्तीच्या लक्षात नव्हतं आणि आयलाने आठवण करून दिली नव्हती. रोज ती वेळ आली की तिची नजर नोंदीवर खिळायची. जी नोंद तुटू नये म्हणून तिने इतके दिवस जीव आटवला होता, ती आता एकसंध जात होती, आणि तिला त्याचीच काळजी लागली होती. म्हातारी उठली असेल ना? जेवली असेल ना? की त्या घरात आता बघायला जाण्यासारखं काहीच उरलं नाही?

तिसऱ्या दुपारी तिला राहवलं नाही. तिने फोन लावला. बराच वेळ वाजला.

“काय गं?” पलीकडून लेम्पीमावशीचा आवाज आला, खणखणीत.

“काही नाही. पेटी बंद नाही झाली, म्हणून म्हटलं विचारावं. तुम्ही बऱ्या आहात ना?”

“मी कशाला हात लावू तिला? तुझं नाव आहे तिच्यावर,” म्हातारी म्हणाली. “आणि तू आहेस की नाही हे बघायला मला प्लग काढावा लागत नाही. तू फोन करतेस.”